लॅडल उघडते तेव्हा : पोलादाच्या ओतकामातल्या एका भोकाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, ‘सर, पत्रिकेत काही चूक झाली आहे का?’ तत्त्वज्ञानाचा माणूस पोलादाच्या कारखान्यातल्या लॅडलवर काय बोलणार, असा त्यामागचा सूर होता. चूक झालेली नाही. आज मी खरोखरच लॅडलच्या तळाला असलेल्या एका भोकाबद्दल बोलणार आहे. भोक जेमतेम चार बोटं रुंदीचं आहे. पण ते ज्या भांड्याला असतं, त्यात शंभर, दोनशे, कधी तीनशे टन वितळलेलं पोलाद असतं आणि त्या पोलादाचं तापमान सोळाशे अंशांच्या आसपास असतं. हे भोक वेळेवर उघडलं पाहिजे, हातातली सगळी कामं सोडून कुणाला धावावं न लागता उघडलं पाहिजे. एवढीच अपेक्षा. ती पुरी करायला माणसाला शंभरावर वर्षं लागली, आणि अजूनही ती शंभर टक्के पुरी झालेली नाही.

मी या विषयाकडे कसा आलो ते एका मिनिटात सांगतो, कारण त्याचा पुढे उपयोग आहे. वर्गात मी वर्षानुवर्षं कार्यकारणभाव शिकवला. उदाहरणं ठरलेली असायची. कुंभार आणि घट, तंतू आणि पट, ह्यूमचे बिलियर्डचे चेंडू. निवृत्तीनंतर माझा भाचा मला तो काम करत असलेला पोलादाचा कारखाना दाखवायला घेऊन गेला. आम्ही वरच्या सज्जातून बघत होतो. भरलेली लॅडल एका प्रचंड फिरत्या मनोऱ्यावर ठेवली होती. मनोरा वळला, लॅडल टंडिशच्या वर आली. टंडिश म्हणजे मधलं पसरट भांडं. त्यातून पोलाद खाली साच्यात जातं आणि अखंड पट्टा होऊन बाहेर पडतं. लॅडलखालचं गेट सरकवलं. थोडी वाळू पडली. मग काहीच नाही. पोलाद आलंच नाही.

खाली एकदम धावपळ झाली. टंडिशमधलं पोलाद तर उतरतच होतं. ते संपेपर्यंत हाताशी मोजून काही मिनिटं. चकचकीत ॲल्युमिनियमचा कोट आणि तोंडावर जाळी चढवलेला एक माणूस लांब लोखंडी पाइप घेऊन पुढे आला. पाइपमधून ऑक्सिजन सोडलेला, टोक पेटलेलं. त्याने ते टोक लॅडलच्या खालून, भोकात वर घातलं. ठिणग्यांचा पाऊस. पाइप स्वतःच जळत आखूड होत होता. मग एकदम पोलादाची धार आली आणि तो माणूस मागे उडी मारल्यासारखा सरकला. भाचा म्हणाला, ‘उघडली.’ मी विचारलं, ‘का नव्हती उघडली?’ तो म्हणाला, ‘मामा, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही.’

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. आजचं सगळं बोलणं त्यातून निघालेलं आहे.

आता इतिहासाकडे येऊ. पहिली गोष्ट अशी, की फार काळ हे भोक नव्हतंच. आपल्याकडे दख्खनमध्ये आणि दक्षिणेत वूट्झ पोलाद होत असे, ते मुशीत वितळे आणि मुशीतच निवे. ओतायचा प्रश्नच नाही. मूस फोडली की आत पोलादाचा गोळा. ओतणं आलं ते अठराव्या शतकात. 1740च्या दशकात शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समन या घड्याळवाल्याने मुशीतलं पोलाद पूर्ण वितळवून साच्यात ओतायला सुरुवात केली. एका माणसाला चिमट्याने उचलता येईल एवढीच मूस, आणि ती तोंडानेच कलती करायची. इथे ‘उघडणं’ म्हणजे माणसाचा मनगट वळवणं.

मोठा नग हवा असेल तर? तर मुशी वाढवायच्या. 1851 साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात क्रुपने सुमारे दोन टनांचा पोलादाचा ठोकळा मांडला तेव्हा लोक थक्क झाले. तो अनेक मुशींतलं पोलाद एकामागून एक, धार न तुटू देता ओतून केलेला होता. कल्पना करा, ओळीने माणसं, प्रत्येकाच्या हातात पेटती मूस आणि सगळ्यांनी तालात चालायचं. एकाने उशीर केला की ठोकळ्यात थर पडणार. तिथली विश्वासार्हता ही लष्करी कवायतीची होती. ती यंत्रात नव्हती, माणसांच्या पावलांत होती.

1856मध्ये हेन्री बेसेमरने आपली प्रक्रिया जाहीर केली आणि हे सगळं बदललं. आता एका वेळेला टनांनी पोलाद तयार होऊ लागलं. ते भांडं कलतं करून ओतायला गेलं तर एक अडचण येते, आणि ती कुठल्याही गृहिणीला समजेल. आमटीवर तवंग असतो तसा पोलादावर मळीचा थर तरंगत असतो. भांडं कलतं केलं की आधी मळी येते, पोलाद नंतर. आपल्याला हवं ते खाली आहे आणि नको ते वर. मग उपाय एकच, तळातून काढायचं. मळी वरच राहते, शेवटी उरते. बेसेमरच्या ओतण्याच्या भांड्याला म्हणूनच तळाशी भोक आलं, त्या भोकात चिनीमातीच्या जातीच्या उष्णतारोधक मातीचं नॉझल आलं, आणि ते बंद ठेवायला वरून आत उतरवलेला दांडा आला. त्याला स्टॉपर म्हणतात.

स्टॉपरची रचना अगदी साधी होती. लोखंडी दांडा, त्यावर ओवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या, टोकाला एक गोलसर डोकं. हे डोकं नॉझलच्या तोंडावर बसतं. भांड्याच्या बाहेरच्या बाजूला तरफ असते, ती दाबली की दांडा उचलला जातो आणि पोलाद वाहू लागतं. स्वयंपाकघरातल्या सिंकला जसं बूच असतं तसं, फरक एवढाच की हे बूच सोळाशे अंशांच्या द्रवात बुडालेलं असतं आणि त्याच्या मधोमध लोखंडाचा दांडा असतो. बाहेरची नळी कुठे तडकली तर आतला दांडा वितळून जाणार. म्हणून स्टॉपर जोडणं आणि तो कित्येक तास सुकवणं हे स्वतंत्र कसबाचं काम होतं. मातीत ओल राहिली तर पोलाद पडताच वाफ होऊन नळी फुटते. आणि एवढं करून एक स्टॉपर एकाच हीटपुरता. हीट म्हणजे भट्टीतून एकदा निघालेलं पोलाद.

जमशेदपूरला 1912 साली पोलाद निघू लागलं ते याच युगात, आणि पुढची पन्नास वर्षं जगभर हीच पद्धत. आता इथे एक गंमत लक्षात घ्या. त्या काळात लॅडल उघडणं ही फारशी चिंतेची गोष्ट नव्हती. दांडा उचलला की धार येणारच. डोकं चिकटून बसण्याचे प्रसंग येत, पण मुख्य भीती वेगळी होती. ती होती बंद न होण्याची. एका लॅडलमधून दहा-वीस साचे भरायचे असत. प्रत्येक साचा भरला की धार थांबवायची, क्रेनने लॅडल पुढच्या साच्यावर न्यायची, पुन्हा उघडायची. पाच-सात वेळा उघडझाप झाल्यावर डोकं झिजायचं, कधी तुटायचं. मग धार थांबत नाही. लॅडल एका साच्यावरून दुसऱ्यावर नेताना पोलाद जमिनीवर सांडत जाणार. ज्या माणसाच्या हातात तरफ, त्याच्या कौशल्याला म्हणून मोठा मान होता.

म्हणजे ‘लॅडल नीट चालली’ या वाक्याचा अर्थ काळानुसार बदलतो. आधी वेळेवर बंद होणं, आज वेळेवर उघडणं. हा बदल का झाला?

दोन गोष्टी एकाच सुमाराला आल्या. पहिली, पोलाद भट्टीत पूर्ण करण्याऐवजी लॅडलमध्येच सुधारायची पद्धत. 1950च्या दशकात पश्चिम जर्मनीत निर्वात करून पोलादातले वायू काढायला सुरुवात झाली. पुढच्या दशकात स्वीडनमध्ये लॅडलमध्येच विजेने तापवण्याची आणि ढवळण्याची व्यवस्था आली. यामुळे पोलाद लॅडलमध्ये वीस-पंचवीस मिनिटांऐवजी दोन-दोन तास राहू लागलं, तेही उकळत्या मळीखाली, तळातून आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडून ढवळलं जात असताना. मातीच्या नळ्या ओवलेला दांडा हे सहन करणार नव्हता.

दुसरी गोष्ट अखंड ओतकाम. साच्यात ठोकळे ओतण्याऐवजी एक सलग पट्टा काढायचा, आणि एक लॅडल संपली की पट्टा तुटू न देता दुसरी जोडायची. 1970 साली जगातल्या पोलादापैकी पाचेक टक्के असं निघत होतं, आज पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक निघतं. म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत झालेली ही क्रांती, आणि आम्हाला तिची वार्ताही नव्हती. आम्ही तेव्हा सार्त्र वाचत होतो.

या दोन गोष्टींना पुरेल असं बूच हवं होतं. कल्पना जुनी होती. भोक आतून बंद करण्याऐवजी बाहेरून बंद करायचं; भोक असलेल्या दोन पाट्या एकमेकींवर बसवायच्या आणि एक सरकवायची. भोकावर भोक आलं की वाट मोकळी, सरकलं की बंद. अमेरिकेत 1880च्या दशकातच याचं पेटंट घेतलं गेलं होतं. पण पेटंट असणं आणि वस्तू असणं यात अंतर असतं. पोलादाच्या धारेत टिकेल, तडकणार नाही, आणि दोन पाट्यांच्या फटीतून गळणार नाही अशी उष्णतारोधक पाटी तेव्हा कुणाला करता येत नव्हती. ती 1960च्या दशकात करता येऊ लागली, तेव्हा युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये स्लाइड गेट आलं आणि दहा-पंधरा वर्षांत स्टॉपर लॅडलमधून जवळजवळ हद्दपार झाला. ऐंशी वर्षं कल्पना पाटीची वाट बघत बसली होती असं म्हणायला हरकत नाही.

स्लाइड गेटने बंद होण्याचा प्रश्न सोडवला आणि उघडण्याचा निर्माण केला. कसा तो बघा. स्टॉपरचं डोकं नॉझलच्या वरच्या तोंडावर बसत असे. म्हणजे नॉझल रिकामं, कोरडं. गेट मात्र नॉझलच्या खाली, भांड्याबाहेर. आता लॅडलमध्ये पोलाद ओतलं तर ते त्या नळीत उतरणार, खालच्या पाटीवर टेकणार आणि तिथेच गोठणार. वर दोनशे टन वितळलेलं पोलाद आणि खाली गोठलेलं बूच. गेट सरकवून काय होणार?

यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडतो, कारण तो एकदम घरगुती आहे. त्या नळीत वाळू भरून ठेवायची. पोलाद येण्याआधी, रिकाम्या तापलेल्या लॅडलमध्ये, भोकात वाळू ओतायची, वर छोटासा ढीग होईल एवढी. मग पोलाद येतं. वाळूच्या वरच्या थराला ते टेकतं, तिथले दाणे तापून एकमेकांना चिकटतात आणि एक पापुद्रा तयार होतो. दुधावर साय येते तसा. साय वर, खाली दूध मोकळं; तसाच पापुद्रा वर, खाली वाळू सुटी. दोन तास तो पापुद्रा सगळं पोलाद पेलून धरतो. मग गेट सरकलं की खालची सुटी वाळू आपोआप गळून जाते, पापुद्र्याचा आधार जातो, वरच्या पोलादाच्या भाराने तो फुटतो आणि धार सुरू होते. याला आपोआप उघडणं म्हणतात.

भार किती असतो? लॅडलमध्ये पोलादाची उंची तीन मीटर धरा. पोलाद पाण्याच्या सातपट जड. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून जरा जास्त दाब. भोक 75 मिलिमीटरचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ 44 चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या पापुद्र्यावर एकूण नव्वदेक किलोचा भार. बस्स. दोनशे टनांच्या भांड्यात प्रत्यक्ष भोकावर जोर लावणारं वजन एका धष्टपुष्ट माणसाएवढं. पापुद्रा नव्वद किलोला फुटला पाहिजे, आणि गेट सरकेपर्यंत मात्र फुटता कामा नये. सगळा प्रश्न या दोन वाक्यांच्या मधे आहे.

पापुद्रा फार पातळ झाला, किंवा दाण्यांमधे फटी मोठ्या राहिल्या, तर पोलाद त्यातून खाली झिरपतं, वाळूत गोठतं आणि वाळू व पोलाद यांचा एक खडक होतो. फार जाड झाला तर फुटत नाही. म्हणजे वाळू चिकटली पाहिजे, पण बेताने. सिलिका वाळू स्वस्त, पण लांब वेळ टिकवायला अवघड. तापल्यावर फुगते, दाणे एकमेकांत अडकतात. कणगीच्या तोंडाशी धान्य अडून कमान धरतं, तसं. क्रोमाइट वाळू जड आणि उष्णता जास्त सोसणारी. तिच्यात थोडी सिलिका मिसळतात, आणि दाण्यांना पोलाद चिकटू नये म्हणून थोडा कार्बन. झिरकॉनही वापरतात. जगात उत्तम क्रोमाइट दक्षिण आफ्रिकेत. आपल्याकडे ओडिशातलं सुकिंदा प्रसिद्ध. आपल्या सिंधुदुर्गात कणकवलीजवळही क्रोमाइट आहे, थोडंसं. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच विचारतो, आमच्या आंब्याच्या बागेखाली आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे. भाचा म्हणाला, का उघडली नाही ते नक्की सांगता येत नाही. का येत नाही?

मी नंतर बरंच वाचलं, विचारलं. कारणांची यादी लांबत जाते. वाळूत ओल असेल. पोतं नेमकं भोकावर रिकामं झालं नसेल, थोडं बाजूला पडलं असेल. भट्टीतून पोलादाची धार नेमकी त्या ढिगावर पडली असेल आणि वाळू उडाली असेल. वाळू फार लवकर भरली आणि लॅडल तशीच तापत उभी राहिली असेल. पोलाद लॅडलमध्ये ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबलं असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीच्या हीटनंतर नॉझल नीट साफ झालं नसेल. गोठलेल्या पोलादाचं किंवा मळीचं कडं आत राहिलं असेल, वाळू त्या कड्यावर अडली असेल.

लक्षात घ्या, यातली जवळजवळ सगळी कारणं लॅडल उघडायच्या क्षणाच्या दोन-तीन तास आधीची आहेत. काही तर आदल्या हीटची आहेत, आदल्या पाळीतली. गेट सरकवणारा माणूस जे बघतो तो फक्त शेवट.

इथे मला माझे नैयायिक आठवतात. तुम्हाला वाटेल, आला हा आपल्या वळणावर. पण ऐका. जुना वाद आहे. अग्नी जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ असला तर जाळत नाही, असं उदाहरण घेतात. मणी काढला की पुन्हा जाळतो. मग जाळण्याचं कारण काय? मीमांसक म्हणतात, अग्नीत एक अदृश्य शक्ती असते. मणी ती नष्ट करतो, काढला की ती पुन्हा येते. नैयायिकांना हे नको. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत आणि पुढे गंगेशाने याचा समाचार घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं, की अदृश्य शक्ती वगैरे मानायची गरज नाही. कार्य घडायला संपूर्ण कारणसामग्री लागते, आणि त्या सामग्रीत ‘अडथळा नसणं’ हेही एक कारण आहे. प्रतिबंधकाचा अभाव. अग्नी, इंधन आणि मणी नसणं, हे तिन्ही मिळून जाळतात.

मी हे वर्गात पंचवीस वर्षं शिकवलं आणि खरं सांगतो, मला ते शब्दांचं खेळणं वाटायचं. नसणं हे कारण कसं असेल? त्या कारखान्यात मला पहिल्यांदा पटलं. कारण पोलादाला खाली यायला काहीही करावं लागत नाही. भार आहेच. वजन आहेच. धार येण्यासाठी जे लागतं ते फक्त न-असणं आहे : ओल नसणं, कडं नसणं, जाड पापुद्रा नसणं, उशीर नसणं. आणि नैयायिकांच्या यादीत आणखी एक पात्र आहे, उत्तेजक. अडथळा असूनही दुसरा एखादा मणी आणला तर अग्नी जाळतोच. ऑक्सिजनचा पेटता पाइप म्हणजे तो उत्तेजक. तो अडथळा असतानाही कार्य घडवतो. पण तो हातात धरायला एक माणूस लागतो.

आणि मीमांसकांची बाजू? ती कारखान्यांत कित्येक वर्षं प्रत्यक्षात होती. ‘ही लॅडलच खराब आहे.’ ‘अमक्या पाळीत लॅडली उघडतच नाहीत.’ ‘ही वाळू चांगली लागत नाही.’ वस्तूत किंवा माणसात एक अदृश्य गुण किंवा दोष मानायचा आणि मोकळं व्हायचं. मी हसून बोलतोय, पण यात माणसं अडकतात. दोष ज्याच्या पाळीत दिसला त्याच्या नावावर लिहिला जातो. आणि तो घडलेला असतो दुसऱ्याच्या पाळीत.

हे बदलायला सुरुवात झाली ती मोजण्यातून. 1924 साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्टने टेलिफोनच्या कारखान्यासाठी नियंत्रण-आलेख काढला. रोजच्या चढउतारातला कोणता नेहमीचा आणि कोणता खरोखर काही बिघडल्याचा, हे वेगळं करायचं साधन. युद्धानंतर जपानी उद्योगाने ही विद्या उचलली. काओरू इशिकावांची ती माशाच्या काट्यासारखी आकृती, डोक्याशी परिणाम आणि काट्यांवर कारणं, तिचं सुरुवातीचं नातं कावासाकीच्या पोलाद कारखान्याशी सांगतात. ती आकृती मी पाहिली तेव्हा मला वाटलं, ही तर कारणसामग्री आहे, फक्त पोट फाडून मांडलेली.

मोजणं सुरू झालं तरी काय मोजायचं यावरही भांडण असतं. पाइप लावून उघडली तर ती ‘उघडली’ की ‘नाही उघडली’? उत्पादन बघणाऱ्याला ती उघडली. पाइप धरणाऱ्याला ती उघडली नाही. दोन नोंदी, दोन आकडे. आज जे आकडे सांगतात ते पाइप न लावता उघडलेल्यांचे, आणि चांगल्या कारखान्यात ते अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत जातात. ऐकायला छान वाटतं. आता हिशेब करा. दिवसाला तीस हीट निघणाऱ्या कारखान्यात अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे वर्षाला दोनशेहून जास्त वेळा एक माणूस पेटता पाइप घेऊन लॅडलखाली जातो. एक टक्का सुधारला तर शंभराहून जास्त खेपा वाचतात. परीक्षेत अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव यांत फरक नसतो. इथे असतो.

पोलादाचंही नुकसान होतं, ते थोडक्यात सांगतो. लॅडल आणि टंडिश यांच्यामधे एक नळी बसवतात, श्राउड, म्हणजे पोलादाला हवा लागत नाही. पाइप लावायचा तर ही नळी काढून ठेवावी लागते. मग सुरुवातीची धार उघड्या हवेतून पडते, पोलाद ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं, आत ऑक्साइडचे बारीक कण राहतात. पट्ट्याचा तेवढा भाग हलक्या कामाला जातो. आणि पाइपनेही उघडली नाही तर पोलाद परत न्यायचं, अखंड पट्टा तुटला, टंडिश बदला.

मग सुधारणा कशा झाल्या? कुठल्या एका शोधाने नाही. वाळूच्या दाण्यांचे आकार ठरवले गेले, ती कोरडी ठेवायला बंद पोती आणि कोठ्या आल्या. पोतं फेकण्याऐवजी भोकावर नेमकी नळी धरून वाळू सोडायला लागले. भट्टीतल्या धारेची जागा आणि भोकाची जागा एकमेकींपासून दूर ठेवली. नॉझलच्या आतला आकार वाळू अडणार नाही असा केला. वाळू कधी भरली, पोलाद किती वेळ थांबलं, हे प्रत्येक लॅडलच्या नावाने लिहिलं जाऊ लागलं. आणि आधीच्या हीटनंतर नॉझल ऑक्सिजनने साफ करणारा जो माणूस, ज्याचं काम सगळ्यात मागच्या कोपऱ्यात चालतं, त्याच्याकडे लक्ष गेलं. माझ्या मते खरा बदल हा आहे. ओतण्याच्या जागेवरून लक्ष लॅडल तयार करण्याच्या जागेवर गेलं. जिथे परिणाम दिसतो तिथून जिथे कारण जमतं तिथे.

वाळूला स्वतःचा दोषही आहेच. ती शेवटी टंडिशमध्येच पडते, म्हणजे ज्या पोलादाला हवाही लागू द्यायची नाही त्यात आपण हाताने वाळू घालतो. फार शुद्ध पोलाद करणारे सुरुवातीची वाळू बाजूला पाडून मग श्राउड लावतात. चीनमध्ये शेनयांगच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी वाळूच काढून टाकायचा मार्ग काढला आहे. वाळूऐवजी लोखंड आणि कार्बनचे दाणे भरायचे, आणि उघडायच्या वेळी नॉझलभोवतीच्या विद्युत वेटोळ्याने वरचा गोठलेला थर वितळवायचा. म्हणजे उघडणं पुन्हा कुणाच्या तरी हातात आलं, पण तो हात आता बटणावर. हे अजून सर्वत्र नाही. जगभर बहुतेक ठिकाणी वाळूच आहे.

माझ्याकडे एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, तुमच्या भाच्याच्या कारखान्यात त्या दिवशी कारण काय निघालं?’ चांगला प्रश्न आहे. मीही विचारला होता. नोंदवहीत ‘वाळूचा दोष’ असं लिहिलं गेलं. पंधरा दिवसांनी भाचा लॅडल-खात्यातल्या एका वयस्कर कामगाराशी बोलत होता. तो म्हणाला, त्या दिवशी क्रेन दुसरीकडे अडकली होती, म्हणून वाळू भरलेली लॅडल भट्टीपाशी पाऊण तास तापत उभी होती. हे तेव्हा कुणी त्याला विचारलं नव्हतं. वहीत ‘लॅडल किती वेळ उभी होती’ असा रकानाच नव्हता. भाच्याने तो आखून घेतला. त्यानंतर लॅडली किती उघडल्या, याचा आकडा मी त्याच्याकडे मागितला नाही. पण मागच्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा म्हणाला, ‘मामा, त्या रकान्यात आता क्रेनवाले स्वतःच येऊन वेळ लिहितात, कारण नाही लिहिली तर उशीर त्यांच्या नावावर चढतो.’

दुसरी चिठ्ठी वूट्झबद्दल आहे, तिला पुढच्या वेळी घेतो.